व्हीलचेअर किंवा स्कूटर घेऊन क्रूझ : केबिन, धक्का, बॅटरी, माहिती हवी आहे

मोगरा
नमस्कार मंडळी. आईला घेऊन क्रूझला जायचं घाटतंय. आईचं वय ६८. पॅरॅलिसिसच्या झटक्यानंतर डावी बाजू अधू आहे. घरात वॉकर धरून बाथरूमपर्यंत जाते, बाहेर पडायचं तर व्हीलचेअर. खुर्ची साधी, घडीची, मागून ढकलायची. आम्ही ठाण्यात वसंत विहारला राहतो.

आई मूळची वेंगुर्ल्याची. लहानपणी मुंबईहून गावी जायला बोट होती, त्या प्रवासाच्या गोष्टी ती अजून रंगवून सांगते. थंड हवेचं ठिकाण नको, देवदर्शन नको, समुद्रावर झोपायचंय, हे तिचंच म्हणणं. मी आणि नवरा दोघंही बरोबर असू.

मुंबई-गोवा करावी की सिंगापूरहून निघणारी तीन-चार रात्रींची, हे ठरत नाहीये. एका एजंटकडे जाऊन आले. "सगळं अॅक्सेसिबल असतं, ताई, काळजीच नको" एवढंच उत्तर मिळालं. केबिनचं दार किती रुंद, तर म्हणे "नॉर्मल". एवढ्यावर पैसे भरायला मन धजत नाही. कोणी व्हीलचेअर घेऊन जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

अवंती_क
वाचनखूण साठवली. आमच्याही घरी लागणार आहे.

चाकावरचा_नेरुळकर
मोगरा, मी स्वतः खुर्ची वापरतो. मणक्याला इजा आहे, पायात ताकद नाही. क्रूझने गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"अॅक्सेसिबल आहे का" हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर कायम "हो" येतं आणि त्या "हो"ला काही किंमत नसते. इंच विचारा. जहाजावरच्या साध्या केबिनचं दार बहुतेक वेळा २३ इंचांच्या आसपास असतं. आपल्याकडच्या घडीच्या खुर्चीची, सीट १८ इंचांची असली तरी, चाकांसकट रुंदी २५-२६ इंच भरते. म्हणजे तुमचं "नॉर्मल" दार आईच्या खुर्चीला बंदच. शिवाय साध्या केबिनच्या बाथरूमला उंबरा असतो, चार-सहा इंचांचा. व्हीलचेअरसाठीची म्हणून जी केबिन असते तिचं दार निदान ३२ इंच, आत खुर्ची वळवायला पाच फुटांची मोकळी गोल जागा, बाथरूमला उंबरा नाही, शॉवरमध्ये बसायची सीट आणि भिंतीला दांडे.

अशा केबिन प्रत्येक जहाजावर मोजक्याच असतात आणि लवकर जातात. त्यामुळे आधी केबिन, मग तारीख, मग विमान, या क्रमाने जा. तारीख ठरवून केबिन शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. स्वस्तातली "गॅरंटी केबिन" घेऊ नका, त्यात नंबर कंपनी शेवटी देते आणि तो कुठलाही असू शकतो. तुम्हाला केबिनचा नंबर बुकिंगच्या कागदावर छापून हवा.

आणि एजंट चांगला असला तरी मापं ईमेलवर मागवा. फोनवरचं बोलणं जहाजावर दाखवता येत नाही.

पामबीच
चांगला धागा. माझ्या सासऱ्यांकडे बॅटरीवरची स्कूटर आहे, चार चाकांची, पुढे हँडलवाली. स्कूटर कॉरिडॉरमध्ये केबिनबाहेर लावून ठेवली तर चालते का? साधी केबिन बरीच स्वस्त पडतेय, आणि ते दहा-बारा पावलं काठीने चालतात.

चाकावरचा_नेरुळकर
@पामबीच, नाही चालत. स्कूटर केबिनच्या आत ठेवायची आणि आतच चार्ज करायची, हा जवळजवळ सगळ्या कंपन्यांचा नियम आहे. कॉरिडॉर हा संकटात बाहेर पडायचा रस्ता आहे, तो अडवता येत नाही. म्हणजे माणूस चालत आत गेला तरी स्कूटर दारातून आत गेली पाहिजे. सुटे भाग होणारी, अरुंद प्रवासी स्कूटर असेल तर काही साध्या केबिनमध्ये जमतं, पण मग रोज रात्री ती खोलायची कोणी, हेही ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर मोठ्या दाराची केबिनच घेतली असती.

दर्यावर्दी
मर्चंट नेव्हीतून निवृत्त, मुक्काम खारघर. केबिनचं नेरुळकरांनी उत्तम सांगितलंय. मी जहाजाच्या बाहेरचं सांगतो, कारण माझ्या मते निम्मी क्रूझ धक्क्यावर ठरते.

जहाज बंदरात दोन प्रकारे थांबतं. एक, धक्क्याला लागतं. मग गँगवेवरून, म्हणजे जहाजातून धक्क्यावर लावलेल्या उतरत्या वाटेवरून, खुर्ची ढकलत खाली उतरता येतं. दुसरा प्रकार म्हणजे जहाज बाहेर नांगर टाकतं आणि प्रवाशांना छोट्या बोटीने, टेंडरने, किनाऱ्यावर नेतात. मोगरा, आईंना विचारा, त्यांना हे लगेच कळेल. वेंगुर्ल्याला बोट बाहेर उभी राहायची आणि पडावातून माणसं उतरवायचे. टेंडर म्हणजे तोच पडाव, इंजिनवाला आणि छपराचा. जहाजाचा दरवाजा एका लयीत हलतो, टेंडर दुसऱ्या. त्या क्षणी प्रवाशाला स्वतःच्या पायाने एक-दोन पावलं टाकता आली पाहिजेत, ही अट बहुतेक कंपन्या घालतात. जड स्कूटर आणि बॅटरीची खुर्ची टेंडरवर सहसा घेतच नाहीत. आणि सगळं जमत असलं तरी शेवटचा शब्द कॅप्टनचा. समुद्र खवळलेला असेल तर तो नाही म्हणतो, आणि ते बरोबरच आहे.

म्हणून जहाजाचं नाव बघायच्या आधी बंदरांची यादी घ्या आणि प्रत्येक नावापुढे धक्का की टेंडर ते लिहून काढा. मुंबईहून जाणारी क्रूझ गोव्यात मुरगावला धक्क्याला लागते, कोचीलाही धक्का आहे. लक्षद्वीपला जहाज बाहेर उभं राहतं आणि छोट्या बोटी येतात, तिथे आईंना खुर्चीसकट उतरवणं धरून चालू नका. सिंगापूरच्या फेऱ्यांमध्ये पेनांगला धक्का थेट जॉर्ज टाउनला आहे. फुकेतला मोठी जहाजं बरेचदा पाटोंगसमोर नांगर टाकतात. कोणी युरोपचं बघत असेल तर ग्रीसचं सँटोरिनी बेट लक्षात ठेवा. तिथे टेंडर, आणि वर गावात जायला केबलकार किंवा पाचशेच्या वर पायऱ्या.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटी. जहाज पाण्याबरोबर वरखाली होतं, धक्का जागच्या जागी. मुंबईत उधाणाच्या दिवसांत हा फरक चार मीटरच्या वर जातो. म्हणजे सकाळी जो गँगवे सपाट वाटला तो दुपारी चांगलाच उभा झालेला असतो. भरतीचं कोष्टक सहज मिळतं. उतरायची-चढायची वेळ त्यावर बघून ठरवता आली तर ठरवा. उतार असेल तेव्हा खुर्ची उलटी, पाठ खाली करून उतरवायची, दोन माणसं लावून. खलाशांना हे माहीत असतं, पण तुम्हीही सांगा.

सुहास_कळवा
सगळ्यांचा आदर राखून लिहितो. एवढा त्रास, एवढा खर्च, आणि आईंचं वय. अलिबागला समुद्रासमोर छान खोली घेऊन चार दिवस ठेवलं तर त्यांनाही आराम आणि तुम्हालाही. परदेशात काही झालं तर काय कराल?

मोगरा
@सुहास_कळवा, काळजीपोटी लिहिलंत हे कळतंय. अलिबागला आम्ही जातो. आईला किनारा नकोय, तिला पाण्यावर असायचंय. झटका आला तेव्हापासून बहुतेक गोष्टी तिच्यासाठी दुसऱ्यांनीच ठरवल्या, ही पहिली गोष्ट तिने स्वतःहून मागितली आहे. त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्न नाही, कसं जायचं एवढाच आहे.

चाकावरचा_नेरुळकर
मोगरा, हे वाचून फार बरं वाटलं. सुहास, काही झालं तर काय, याला उत्तर असतं, त्याची तयारी करता येते. विमा घ्यायचा, त्यात झटक्याचा इतिहास लपवायचा नाही, जहाजावरून हॉस्पिटलला हलवण्याचा खर्च त्यात धरलाय ना ते बघायचं. जहाजावर डॉक्टर असतो, बिल वेगळं येतं. घरी बसल्यानेही काही होऊ शकतंच. आमच्यासारख्यांना "कशाला त्रास" हे वाक्य इतक्या वेळा ऐकायला मिळतं की हळूहळू माणूस मागायचंच सोडतो.

सुहास_कळवा
पटलं. शुभेच्छा, मोगरा. विम्याचे काही तपशील हवे असतील तर मला निरोप टाका, मी त्या क्षेत्रात आहे.

सायली_ओटी
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, ठाण्यातच. कालपासून धागा वाचतेय. आईंची डावी बाजू अधू आहे, त्यावरून काही गोष्टी अगदी नेमक्या सांगते.

व्हीलचेअरची केबिन मिळाली म्हणजे ती आईंना सोयीची, असं नाही. कमोडच्या कोणत्या बाजूला दांडा आहे ते विचारा. त्यांचा उजवा हात चांगला, म्हणजे बसल्यावर दांडा उजव्या हाताला हवा. एकाच जहाजावर अशा केबिन आरशासारख्या उलटसुलट असतात, एकीत दांडा डावीकडे, दुसरीत उजवीकडे. पलंगाचंही तेच. त्या उजव्या बाजूने उतरतील अशी जागा हवी. बाथरूमचा फोटो मागा. माप आणि फोटो दोन्ही.

पलंगाची उंचीही विचारा. जहाजावरचे पलंग बरेचदा उंच असतात, कारण खाली बॅगा सरकवायच्या असतात. खुर्चीच्या सीटपेक्षा फार उंच असेल तर रात्री ट्रान्सफर, म्हणजे खुर्चीतून पलंगावर आणि परत येणं, अवघड होतं.

मदत करणाऱ्या प्रत्येक माणसाला, मग तो विमानतळावरचा असो की जहाजावरचा, पहिलं वाक्य हे सांगा : डाव्या हाताला धरून ओढायचं नाही. अधू बाजूचा खांदा अशाने निखळू शकतो. लोक चांगल्या मनानेच काखेत हात घालतात आणि इजा करतात. ट्रान्सफर बेल्ट घ्या, कमरेला बांधायचा, त्याला धरून उठवायचं. तुम्ही दोघांनी फिजिओकडून आधी शिकून घ्या.

बोट लागू नये म्हणून गोळी देताना न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय देऊ नका. त्या गोळ्यांनी गुंगी येते आणि गुंगीत तोल जातो. त्याऐवजी केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर मिळते का बघा, तिथे हेलकावे कमी जाणवतात. लिफ्टही जवळ असेल तर उत्तम, जहाजातले गालिचे जाड असतात आणि ढकलणाऱ्याचे हात भरून येतात.

खुर्ची नीट बसते का, फूटरेस्टची उंची बरोबर आहे का, हे एकदा तपासून घ्या. हाजी अलीच्या एआयआयपीएमआर या सरकारी पुनर्वसन संस्थेत हे काम चांगलं होतं. दिवसभर खुर्चीत बसणं वेगळं आणि घरातून गाडीपर्यंत जाणं वेगळं.

रुपाली_घणसोली
एक व्यावहारिक. बऱ्याच जहाजांवर टॉयलेटला जेट स्प्रे नसतो. व्हीलचेअरच्या बाथरूममध्ये हातात धरायचा शॉवर असतो, पण तो कमोडपासून लांब असू शकतो. माझ्या काकूंना याचाच सगळ्यात जास्त त्रास झाला आणि आधी कोणी बोललं नव्हतं. दाबून पाणी उडवायची बाटली मिळते, ती घेऊन जा. एका हाताने वापरता येते.

सायली_ओटी
+१. हे मी पेशंटना सांगते आणि इथे लिहायचं राहिलं होतं.

पामबीच
बॅटरीचं कोणी सांगेल का? सिंगापूरचं नक्की केलं तर स्कूटर विमानाने न्यावी लागेल.

चाकावरचा_नेरुळकर
@पामबीच, आधी बॅटरी कोणती ते बघा. सील्ड जेलची असेल तर नियम वेगळे आणि सोपे. लिथियमची असेल आणि निघत असेल, तर ती काढून विमानाच्या केबिनमध्ये आपल्याबरोबर न्यायची, एकच बॅटरी असेल तर ३०० वॅट-अवरपर्यंत, दोन असतील तर प्रत्येकी १६० पर्यंत. वॅट-अवर काढायला व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. २४ व्होल्ट, १२ अँपिअर-अवरची बॅटरी २८८ भरते, म्हणजे बसते. २० अँपिअर-अवरची असेल तर ४८०, ती अशी नेता येणार नाही. काहीही असलं तरी एअरलाइनची परवानगी आधी, लेखी. बॅटरीवरचं लेबल खोडलेलं असेल तर निर्मात्याचा कागद बरोबर ठेवा, विमानतळावर लेबलच बघतात.

मदत लागणार हे एअरलाइनला ४८ तास आधी कळवायचं, तसा डीजीसीएचा, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाचा, नियम आहे, आणि त्या मदतीचे पैसे घेता येत नाहीत. विमानाच्या बुकिंगमध्ये व्हीलचेअर मदतीचा कोड कोणता पडलाय तेही बघा. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या येत नाहीत पण सीटपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंतही नेऊन बसवावं लागतं. चुकीचा कोड पडला तर विमानाच्या दारात शिडी बघत बसायची वेळ येते.

आपली खुर्ची चेक-इनला देऊ नका, विमानाच्या दारापर्यंत वापरा आणि तिथे टॅग लावून द्या. देण्याआधी कुशन, फूटरेस्ट, जे जे निघतं ते काढून हातात घ्या आणि खुर्चीचे चारी बाजूंनी फोटो काढा. माझ्या खुर्चीचा ब्रेक एकदा वाकून आला होता. फोटो होते म्हणून दुरुस्तीचे पैसे मिळाले.

स्कूटर न्यायचीच नसेल तर मोठ्या क्रूझ बंदरांत ती भाड्याने थेट केबिनमध्ये पोचवणाऱ्या कंपन्या आहेत. सासऱ्यांना अनोळखी हँडल झेपेल का, तेवढं बघा.

दर्यावर्दी
बहुतेक कंपन्या जहाजावर एक्स्टेंशन बोर्ड नेऊ देत नाहीत, सर्ज प्रोटेक्टरवाला तर नाहीच. चार्जर १०० ते २४० व्होल्टचा आहे ना बघा आणि साधा प्लग अडॅप्टर घ्या.

सुरक्षेच्या कवायतीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळलं, तेव्हा बऱ्याच प्रवाशांची कवायतच झालेली नव्हती. १ जानेवारी २०१५ पासून नियम असा की जहाज निघण्याआधी किंवा निघाल्याबरोबर ती झालीच पाहिजे. संकटात लिफ्ट वापरत नाहीत. मग खुर्चीतल्या माणसाला जिन्याने कोण नेणार, हे आधी ठरलेलं असतं, त्यासाठी खास खुर्च्या आणि नेमलेली माणसं असतात. पण तुमचं नाव त्या यादीत असेल तरच. बुकिंगच्या फॉर्ममध्ये लिहिलंत म्हणून थांबू नका, चढल्यावर पहिल्या तासात गेस्ट सर्व्हिसला जाऊन नाव आहे ना बघा.

आणि एक. एखाद्या बंदरात दोन-चार पायऱ्या आल्या तर घाबरू नका, आमची मुलं खुर्चीसकट उचलून नेतात, प्रेमाने नेतात.

चाकावरचा_नेरुळकर
दर्यावर्दी काका, बाकी सगळं सोन्यासारखं आहे, पण या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. आग लागली तर उचला, जरूर उचला. फिरायला म्हणून मला उचललेलं चालत नाही. चार अनोळखी माणसांच्या हातात हवेत असताना माझा तोल माझा राहत नाही, आणि आजूबाजूचे लोक फोटो काढतात. अशा बंदरात मी जहाजावर थांबतो. ओस पडलेलं जहाज, रिकाम्या लिफ्ट, डेकवर हवी ती जागा. तो दिवस मला आवडतो.

दर्यावर्दी
नेरुळकर, तुमचं मान्य. पण मी असेही प्रवासी पाहिलेत जे म्हणायचे, उचला पण मला उतरायचंय. एकीचे डोळे किनाऱ्याला पाय टेकताना भरून आलेले मला आठवतात. त्यामुळे नको म्हणायचा हक्क जसा, तसा हो म्हणायचाही.

चाकावरचा_नेरुळकर
हे बरोबर. मग मोगरा, आईंनाच विचारा. निघण्याआधी विचारा, धक्क्यावर मागे रांग लागलेली असताना नको.

तिकीटघर
वाशीला ट्रॅव्हलमध्ये काम करतो. आमच्याच धंद्यातल्या एकाने "नॉर्मल" म्हटलं, वाईट वाटलं. क्रूझ कंपनीचा अॅक्सेसिबिलिटी विभाग वेगळा असतो आणि विशेष गरजांचा फॉर्म असतो. एजंटला तो भरायला लावा आणि कंपनीकडून आलेलं उत्तर तुम्हाला फॉरवर्ड करायला सांगा. मूळ उत्तर, त्याचा सारांश नको.

सिंगापूरबद्दल : ज्या कंपन्यांची जहाजं अमेरिकेत फिरतात त्यांच्याकडे या केबिनची शिस्त सहसा चांगली असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन या खटल्यात सांगितलं की परदेशी झेंड्याचं जहाजही अमेरिकेच्या पाण्यात असेल तर तिथला अपंगत्व कायदा त्याला लागू होतो. मुंबईहून निघणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीच्या एम्प्रेसचं बोलायचं तर जहाज १९९० सालचं आहे. तिथे तर इंच आणि फोटो मागवाच. सिंगापूर शहर खुर्चीला सोपं आहे, तिथल्या मेट्रोच्या, एमआरटीच्या, सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट आहे. व्हिसा मात्र मल्टिपल एंट्रीचा घ्या, कारण जहाज मलेशिया-थायलंड करून पुन्हा सिंगापूरलाच येतं.

पामबीच
एक सुचवू? आम्ही सासऱ्यांना आधी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रोने नेलं. गाडी थेट बोटीत जाते, साधारण तासाभराचा प्रवास. बोट लागते का, हेलकाव्यात स्कूटर आणि काठी झेपते का, सगळं तिथेच कळलं. ठाण्याहून ईस्टर्न फ्रीवेने ऑरेंज गेटला उतरलं की जवळच. आम्ही नवी मुंबईवाले अटल सेतूने शिवडीला उतरून तिथूनच फ्रीवेला लागतो.

मोगरा
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसादांची प्रिंट काढून आईला वाचून दाखवली. पडावाचं ऐकून ती खूश झाली, दर्यावर्दी काकांना नमस्कार सांगितलाय.

रो-रोने मांडव्याला जाऊन आलो. बोट लागली नाही. तिने गाडीत बसायला नकार दिला आणि पूर्ण वेळ खुर्चीत, ब्रेक लावून, कठड्याशी बसली.

उचलून नेण्याचं विचारलं. ती म्हणाली, जिना असेल तर नको, पण बोटीत उतरायचं असेल आणि समुद्र शांत असेल तर धरून उतरवा, पडावात उतरलेय मी. म्हणजे दोघांचंही तिने अर्धं-अर्धं घेतलं. फुकेतला तिथली हवा बघून ती स्वतः ठरवणार. सिंगापूर, चार रात्री, असं नक्की केलंय. पेनांगला धक्का आहे, तिथे खाली उतरणार.

कंपनीला थेट ईमेल केला. पहिल्या उत्तरात पुन्हा "फुली अॅक्सेसिबल" एवढंच. सायलीताईंनी सांगितलं तसं दांड्याची बाजू विचारली तेव्हा मात्र दोन केबिनचे फोटो आले. एकीत दांडा डावीकडे, दुसरीत उजवीकडे. दार ३२ इंच. उजवीकडचीच मागितली आणि एजंटने तिच्यावर होल्ड टाकलाय. पैसे उद्या भरायचे आहेत.

चाकावरचा_नेरुळकर
फार छान. भरायच्या आधी एकदा बघा, होल्डच्या ईमेलमध्ये केबिनचा नंबर आहे का, आणि तो फोटोतल्याच केबिनचा आहे का. नुसता केबिनचा प्रकार लिहिला असेल तर नंबर घालून नवीन ईमेल मागवा, मगच भरा.

मोगरा
बघितलं. नुसता प्रकारच लिहिलाय. एजंटला आत्ताच फोन केला, नंबर आल्याशिवाय भरणार नाही म्हणून सांगितलं.